ब्रेकमधली हवा

पुढच्या चाकावर ब्रेकचा कॅलिपर चौथ्यांदा बसवून मायक्रॉनने शेवटचा बोल्ट आवळला. आता मात्र पळवाट उरली नाही.

आधी तीनदा त्याने काही ना काही खोट काढून तो परत सोडला होता. एकदा पिस्टनवर गंजाचा ठिपका दिसला म्हणून, एकदा नवं रबरी सील नीट बसलं नाहीसं वाटलं म्हणून, आणि तिसऱ्यांदा तर उगाचच. लेथवर उभा जन्म केसाएवढ्या फरकावरून जॉब परत पाठवायचा, म्हणून कारखान्यात त्याचं नाव मायक्रॉन पडलेलं. पण या वेळची चिकित्सा काम चोख करण्यासाठी नव्हती, काम टाळण्यासाठी होती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पंचेचाळीस वर्षांच्या म्हाताऱ्या मोटरसायकलचा पुढचा ब्रेक आतून कोरा झाला होता. त्यात तेल भरून हवा काढली की गाडी रस्त्यावर. आणि हवा काढायला दोन माणसं लागतात.

एकाने वर हँडलचा लिव्हर दाबून धरायचा. दुसऱ्याने खाली बसून कॅलिपरवरचा बारीक नट सैल करायचा, म्हणजे तेलाबरोबर हवेचे बुडबुडे नळीतून बरणीत येतात. नट बंद झाला, की मगच वरच्याने लिव्हर सोडायचा. आधी सोडला तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सगळं मुसळ केरात. इतकी वर्षं मायक्रॉन खाली असे आणि बायको वर. "दाब." "दाबला." "सोड." "सोडला." खालून वरचं दिसत नाही, म्हणून तोंडाने सांगायचंच, असा त्याचा नियम होता. "लग्नाच्या वेळीसुद्धा मला कुणी इतक्यांदा विचारलं नव्हतं," असं ती म्हणायची, पण सांगायची. तिला जाऊन नऊ महिने झाले होते.

त्याने जुन्या ट्यूबची पट्टी कापली, लिव्हर मुठीशी घट्ट बांधून टाकला आणि गुडघ्यांची मनधरणी करत खाली बसला. नट सैल केला. तेल आलं, बुडबुडे आले. झकास. तो उठला. उठताना पाय लागून बरणी लवंडली, तिकडे त्याचं लक्षच नव्हतं. त्याने पट्टी सोडली, आणि लिव्हर सुटल्यावर त्याला आठवलं की खालचा नट उघडाच आहे. नळीने पोटभर हवा ओढून घेतली. चाळीस वर्षांत अशी चूक झाली नव्हती. दोघांची कामं एकट्याने करताना मधलं बोलणं गळलं, आणि बोलण्याबरोबर क्रमही.

"मूर्खा," तो मोठ्याने म्हणाला. राग त्या चुकीचा आला नव्हता. त्याला एक माणूस हवं होतं, आणि हाक मारावी असं एकही नाव सुचत नव्हतं.

"काका, मीटर बघायचंय."

विजेचे मीटर वाचणारी बाई दारात उभी होती, खांद्याला पिशवी अडकवून. मीटर शेडच्याच भिंतीवर होतं. तिने आकडा टिपला आणि जायला वळली, तेव्हा मायक्रॉनने एकदाचं विचारून टाकलं.

"ताई, दोन मिनिटं आहेत का? हा लिव्हर दाबून धरायचाय फक्त."

"मोडणार नाही ना माझ्या हातून?"

"मोडतोय कसला! मी म्हटलं की दाबायचा आणि 'दाबला' म्हणून सांगायचं. मी 'सोडा' म्हणेपर्यंत सोडायचा नाही."

तिने पिशवी सीटवर ठेवली. त्याने लवंडलेली बरणी उभी केली आणि तो खाली बसला.

"दाबा."

वरून 'दाबला' आलं नाही.

"दाबा, ताई!"

"अहो, दाबलाय की!"

"मग सांगा ना."

"दाबला," ती हसत म्हणाली.

आधी द्राक्षाएवढे बुडबुडे आले, मग मोहरीएवढे. मध्ये दोनदा उठून त्याने वरच्या डबीत तेल भरलं. पंधराव्या की सोळाव्या खेपेला तो नुसतंच "दाब" म्हणून गेला आणि त्याने जीभ चावली. वरून "दाबला" आलंच.

मग बुडबुडे थांबले. नळीतून नितळ तेल येऊ लागलं. इथे नट आवळून उठायचं असतं, हे कुठल्याही मेकॅनिकला झोपेतून उठवून विचारलं तरी तो सांगेल.

"दाब."

"दाबला."

"सोड."

"सोडला."

असं आणखी सहा-सात वेळा झाल्यावर ती वरून वाकली. "काका, बुडबुडे थांबले वाटतं."

"एखादा लपून बसतो."

तिने घड्याळाकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. झिणझिण्या आलेला हात झटकला आणि दुसऱ्या हाताने लिव्हर धरला. "बरं, चला."

अखेर त्याने नट आवळला. तिने आपणहून एकदा लिव्हर दाबून पाहिला. तो जेमतेम हलला आणि जागच्या जागी अडला.

"अगं बाई! मघाशी लोण्यासारखा होता, आता दगड!"

"तुमच्यामुळे," मायक्रॉन म्हणाला. त्याने तिला साबण दिला, हे तेल गाडीचा रंगसुद्धा खातं म्हणून चोळून चोळून हात धुवायला लावले. तिने पिशवी खांद्याला लावली आणि दारापर्यंत जाऊन थांबली.

"आणि मागचा ब्रेक? तोही असाच करायचा असेल ना? मी पुढच्या महिन्यात एकोणीस तारखेला येते या गल्लीत."

मागच्या ब्रेकला तेल नव्हतंच. एक लांब सळई आणि तिच्या टोकाला एक नट. पाना घेतला की एकट्या माणसाचं दोन मिनिटांचं काम.

"करायचाय ना," मायक्रॉन म्हणाला. "त्याला तर फार वेळ लागतो. जरा सवड काढून या."