ड्रमरची सर्दी

गिटारवाल्याने नवी तबकडी टेबलावर ठेवली, तेव्हा वहिनींनी आधी हात पुसले, मग चष्मा. जुनी तबकडी ऐकण्याच्या लायकीची राहिली नव्हती. नवरा गेल्यापासून एकाच जागी सुई टेकवून त्यांनीच तिची पार वाट लावली होती.

छोटी तबकडी, एका बाजूला एकच गाणं. आणि गाणं कसलं, गोगलगाय बरी! गिटारची एक तार वाजली की पुढची वाजेपर्यंत चहा गाळून होतो. नवरा गिटारवाल्याच्याच बँडचा ड्रमर. "तुम्ही तिथे वाजवता, की नुसते बसायला जाता?" असं वहिनी त्याला जन्मभर चिडवत आल्या. गाण्यात मधल्या कडव्यानंतर सगळे थांबत, आणि त्या शांततेत, ठोका देण्याआधी, त्याने नाक ओढलेलं ऐकू येई. बारमाही सर्दी होती त्याला. घरात त्याचा तेवढाच आवाज उरला होता, आणि आता तोही खरखरीत बुडाला होता.

"मूळ टेपवरून काढून घेतलीय, वहिनी. जिवाचं रान केलं," गिटारवाला म्हणाला.

सुई टेकली. खरखर नावालाही नव्हती. वहिनी पुढे सरकून बसल्या. कडवं संपलं, सगळे थांबले. मग ठोका पडला.

"भावजी, ते… त्यांचं नाक?"

"काढलं!" गिटारवाला खुलला. "किती लाजायचा बिचारा. म्हणायचा, माझ्या सर्दीने गाणं नासवलं. टेपचा तेवढा तुकडा कापला आणि कोरा जोडला. म्हटलं, निदान आता तरी त्याची इच्छा…"

"आणि तो कापलेला तुकडा?"

"तो कशाला ठेवायचा? टाकला."

वहिनींचा चेहरा पाहून गिटारवाल्याचं तोंड गोरंमोरं झालं. बिचारा करायला गेला काय आणि झालं काय.

"छान झालीय हो," त्या म्हणाल्या. "त्यांना आवडली असती."

चहा अर्धा टाकून तो गेला. वहिनींनी दाराला कडी लावली, त्याचा कप विसळला. घराचं रिकामेपण ऐकू येत होतं. त्यांनी पुन्हा सुई टेकवली आणि डोळे मिटले. गालावरून ओघळणारं पाणी त्यांनी पुसलंही नाही.

कडवं संपलं. सगळे थांबले. त्या कोऱ्या जागेत वहिनींनी नाक ओढलं, आणि लगेच, नेहमीसारखा, ठोका पडला.