व्हेप कुणाचा?

न्यूनेन या डच गावातल्या घरात सोफ्याच्या उशीमागे सासूबाईंना सुचित्राचा व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, सापडला आणि सुबोध पटकन म्हणाला, "आई, माझा आहे." खरं वाटावं म्हणून त्यानं झुरका घेतला, वाफ करणारी नवी कॉइल बसवल्यावर तिचं सेटिंग राहिलेलं, जळक्या वाफेनं ठसका लागला. चिप कंपनीतला इंजिनियर, गप्प कसा बसेल? व्हेप ज्यावरून तापमान ओळखतो तो रेझिस्टन्स त्यानं कॉइल तापलेली असतानाच लॉक केला, पुन्हा ठसका. "बायकोसमोर तरी लाज बाळग!" सासूबाई कडाडल्या. सुचित्राला त्याचं खोटंही सोसवेना आणि चूकही. "दे इकडे. कॉइल गार असतानाच लॉक करायचं, नाहीतर तापमान चुकतं." तिनं व्हेप गार होऊ दिला, सेटिंग केलं आणि सासूबाईंच्या नजरेला नजर भिडवत निवांत झुरका ओढला. "माझा आहे, आई." लेकाला मिश्री सोडल्याचं सांगून बसलेल्या सासूबाईंनी कमरेची डबी काढून टेबलावर आपटली. "आता हीपण तुझीच का रे, सुबोध?"