गावची बाई

होडी नार्व्याच्या धक्क्याला लागली आणि कॅमेरे निघाले. कासोट्याचं लुगडं नेसलेली मंजुळा डोक्यावर कळशी घेऊन पुन्हा पायऱ्या चढू लागली.

"मावशी, जन्म इथलाच का?" एका पर्यटकाने विचारलं.

"व्हय," बांधकामावरून खास फोटोसाठी आणलेली बेळगावची मंजुळा म्हणाली. गाईड निलेशने डोळे वटारताच तिने इथल्या बोलीत सुधारलं, "हय, हय."

तेवढ्यात काठावरच्या घरातली सुशीला गाऊनवरच धुण्याची बादली घेऊन आली.

"वयनी, मागीर ये गे, होडी गेल्यार," निलेश कुजबुजला. "गाऊन फोटोत येता. लोकांक गाव बघूचो आसा."

"सकाळपासून मागीरच करतंय रे मेल्या! कंबर मोडली माझी." सुशीला पायरीवर बसली ती उठेचना.

निलेश पर्यटकांकडे वळला.

"सॉरी हां. ती बाहेरची आहे."