दात, एक, वरचा

दात काही वाचला नाही. हे आत्ता सांगितलं ते मनातून काढून टाका, कारण सकाळचे दहा वाजून पाच मिनिटं व्हायची आहेत आणि दात अजून भाचीच्या तोंडात आहे, वरच्या रांगेत, मधोमध, अगदी खुशाल.

भाची शिडीवर उभी होती. बसस्थानकाच्या हरवले-सापडले खिडकीमागे तिला नोकरीला लागून तीन महिने झाले होते. एका गृहस्थांची काळी छत्री शोधायची होती आणि खोलीत काळ्या छत्र्या दोनशे अकरा. तिने एक ओढली. छत्रीमागून, कुणीतरी गाडीत विसरलेला द्वितीय क्रमांकाचा करंडक आला आणि थेट तिच्या तोंडावर बसला.

दात टेबलावर पडला. टेबलापाशी मावशी होती.

मावशी तिथली मुख्य कारकून. एकतीस वर्षं त्या टेबलावर जे पडलं ते तिने पुसलं, चिठ्ठी बांधली, वहीत चढवलं आणि कपाटात टाकलं. हात आपले आपण चालतात. भाची तोंडावर रुमाल दाबून शिडी उतरेपर्यंत तिने दात स्पिरिटच्या फडक्याने खसाखसा पुसला, मुळाला दोरा गुंडाळून चिठ्ठी बांधली आणि लिहिलं: ‘दात, एक, वरचा. स्थिती चांगली. वेळ १०.०५.’ कवळ्या, चष्मे, कानाची यंत्रं मौल्यवान वस्तूंच्या लोखंडी कपाटात जातात. दातही गेला. त्या कपाटाचं दार ढकललं की आपोआप लागतं. उघडायला मात्र दोन किल्ल्या. एक मावशीच्या कमरेला, दुसरी साहेबांच्या खिशात.

“मावशी,” भाची रुमालातून म्हणाली, “माझा दात.”

“ऑफिसात बाई म्हणायचं,” मावशी म्हणाली. मग तिने कपाटाकडे पाहिलं, आणि खुर्चीत बसली.

छत्रीवाल्या गृहस्थांनी त्यांच्या दातांच्या डॉक्टरांना फोन लावला आणि फोन टेबलावर ठेवला.

“पडून किती वेळ झाला?” डॉक्टरांनी विचारलं.

“सात मिनिटं.”

“मग छान. तासाच्या आत आणा, परत बसवून बघू. जितकं लवकर तितकं बरं. तोंडात दिसतो तो भाग धरायचा, मुळाला बोट लावायचं नाही. पुसायचं नाही, घासायचं नाही, कोरडा तर अजिबात पडू द्यायचा नाही. दुधात टाका. आत्ता कुठे आहे दात?”

भाचीने मावशीकडे पाहिलं.

“कपाटात,” मावशी म्हणाली.

“कपाटात दूध आहे?”

“कापूस आहे.”

“कपाट उघडा,” डॉक्टर म्हणाले. ते इतक्या हळू म्हणाले की भाची रडायला लागली.

साहेब मुख्य इमारतीत मिटिंगला होते आणि मिटिंगला जाताना सगळे फोन दाराशी काढून घेतात. त्यांना बोलवायला ऑफिसच्या हमालाला पळवलं. तो साडेदहाला एकटाच परत आला.

“संपली की येतो म्हणाले.”

“दाताचं सांगितलंस ना?”

“सांगितलं की. ते म्हणाले, हरवलाय की सापडलाय?”

मावशीने लोखंडी पट्टी दाराच्या फटीत घातली. पट्टी वाकली. कपाट तिनेच खास मागवून घेतलं होतं, कुणाच्या बापाला फुटणार नाही असं. गृहस्थ कॅन्टीनमधून कपभर थंड दूध घेऊन आले आणि कप दोन्ही हातांनी धरून कपाटासमोर उभे राहिले.

“छत्रीचं राहू द्या,” ते म्हणाले. तीन आठवडे ते त्या छत्रीसाठी रोज भांडत होते. ते ऐकून हमालसुद्धा घाबरला.

“मावशी, जीभ पुढे गेली की जातच राहते,” भाची म्हणाली. “तिथे काहीच नाही.”

“नको लावूस जीभ.”

“आईला काय सांगायचं?”

“आईला मी सांगेन.” मावशीने घड्याळाकडे पाहिलं. अकराला सहा कमी. “नाही, आईला आत्ता कुणी काही सांगू नका.”

साहेब अकरा वाजून पाच मिनिटांनी आले आणि त्यांनी आधी वही मागितली. नोंद वाचली. मालक कोण, विचारलं. भाचीने तोंड उघडलं. साहेबांनी वाकून खिंडार पाहिलं, ओळखपत्रावरचा फोटो पाहिला, पुन्हा खिंडार पाहिलं.

“फोटोत तोंड मिटलेलं आहे,” ते म्हणाले.

मग त्यांनी मावशीकडे पाहिलं, आणि पुढे काही न विचारता किल्ली काढली.

दात कापसावर होता. खडूसारखा, कोरडा ठणठणीत. मावशीने दोरा सोडायला बोटं पुढे नेली आणि तशीच मागे घेतली. तिने मारलेली गाठ आजवर कुणाला सुटली नव्हती. दात चिठ्ठीसकट दुधात गेला आणि शाई हळूहळू दुधात पसरली. हमाल भाचीला घेऊन टॅक्सीकडे धावला. मावशीला जाता येईना. खिडकी दुपारी एक वाजायच्या आत बंद करता येत नाही.

तिने वही उघडली. एकतीस वर्षांत तिच्या एकाही वहीत खाडाखोड नव्हती. तिने वही मिटली, कोरा कागद घेतला आणि समोरच उभ्या असलेल्या साहेबांना अर्ज लिहिला:

‘महोदय, सदर दात सकाळी १०.०५ वाजता पडल्याची नोंद माझ्या हातून झाली आहे. तरी तो ११.१० वाजता पडला असे समजण्यात यावे, व तसे संबंधित दातास तातडीने कळवण्यात यावे, ही नम्र विनंती.’