पाकातल्या बरगड्या

लेकीने चाळिशीत पहिल्यांदाच फोन करून एखादा पदार्थ विचारला, म्हणून चीनमधल्या वूशी शहरातल्या पेइझनबाई हरखून गेल्या. "आधी डुकराच्या बरगड्यांना एक उकळी काढ, ते पाणी फेकून दे. साखर मंद आचेवर तांबूस होऊ दे, मग सोया सॉस आणि काळं व्हिनेगर. रस आटून हाडाला चिकटला पाहिजे बघ."

"गोड कितपत करू?"

"कुणासाठी करतेयस?"

लेक घुटमळली. "बाबांसाठी. आता घास उतरत नाही त्यांना. पण तुझ्या हातच्या बरगड्या मागताहेत."

बारा वर्षांनी या घरात त्यांचं नाव निघालं होतं. पेइझनबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मीच करून आणू का गं?"

"नको, आई. त्यांची बायको तुला दारातसुद्धा उभी करायची नाही."