फुकट ठेवलेला खेळ

कुरवंड्याच्या अनघानं वर्षभर खपून लोहगडावरचा एक खेळ लिहिला. एकेकानं एकेक पात्र व्हायचं आणि फासे टाकत गोष्ट पुढं न्यायची. नियम तिनं नेटवर सगळ्यांना फुकट दिले. चटक लागली की लोक पुस्तक-फाशांची पेटी विकत घेतीलच, असं तिला वाटलं.

लोणावळ्यात तिनं पेट्या मांडल्या, तर एक चष्मेवाला तिथंच ठाण मांडून येईल त्याला सांगायला लागला, "घेऊ नका हो! हा खेळ नेटवर फुकट आहे. या बाई दुसऱ्याच्या जिवावर पैसे उकळतायत."

अनघाचं डोकंच फिरलं. "अहो, मीच ती अनघा! मीच लिहिलाय हा खेळ!"



"काहीही काय सांगता! अनघाताईंचं मन केवढं मोठं, त्या पैसे मागतील होय?"