चाकांवरचा भस्मशिंग

कमलेशनं कपाटावर हात फिरवला. हाताला धूळ लागली, खोका लागला नाही.

"माय, इथला खोका कुठं गेला?"

"देवाजवळ हाये," कुंताबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

खोका खरंच देवाजवळ होता. विळ्यानं एका बाजूनं नीट कापलेला. आत फुलवाती होत्या. राक्षस नव्हता.

नागपूरचा मंगेश तासाभरात पोचणार होता, आणि मंगेश फक्त बंद खोक्यातली खेळणी घेतो. त्याच्याकडं तीनशे बारा आहेत. एकही उघडलेलं नाही. हे तो अभिमानानं सांगतो.

राक्षसाचं नाव भस्मशिंग. आठ वर्षांपूर्वी पुण्याच्या एका खेळण्यांच्या कंपनीत कमलेशनं तो मातीत घडवला होता. हातपाय सांध्यांत वळणारे, जीभ लाल, डोळे असे की खुद्द साहेब दचकले. खोके छापून झाले. मग विक्रीआधी बारा मुलांना बोलावून तो त्यांच्यापुढं ठेवला. नऊ रडली. दोन टेबलाखाली गेली. बारावं जे पळालं ते खाली लिफ्टपाशी सापडलं. कंपनीनं सगळा माल भंगारात घातला, आणि तुमचा हात मुलांसाठी नाही, असं सांगून कमलेशला घरी पाठवलं. नमुन्याचा एक खोका तेवढा त्याच्या पिशवीत राहिला. तेव्हापासून तो आसगावात धान लावत होता आणि पवनीतल्या दुकानांच्या पाट्या रंगवत होता.

खोक्याच्या मागं बारीक अक्षरांत त्याचं नाव छापलेलं होतं. मंगेश तो खोका काचेच्या कपाटात, दिव्याखाली ठेवणार होता. जगात निदान एका माणसाला आपलं काम ठेवून घ्यावंसं वाटलं, एवढ्यावर कमलेश महिनाभर खूश होता.

"काहून फोडला वं माय?"

"आज तान्हा पोळा. तुह्या पोरीचा लाकडी बैल वाळवीनं खाल्ला. वर्षाच्या सणाले दामिनी बैलाबिगर जाईल का? लोक काय म्हणतील?"

"अवं, तो बैल नाही, राक्षस हाये!"

"शिंगं हायेत, वशिंड हाये, शेपूट हाये. अजून काय पायजे बैलाले?"

"दोन पायांवर उभा होता ना तो!"

"मी टेकवला चारावर. हात वाकत होते." कुंताबाईंनी पदराला हात पुसले. "चाकं जुन्या बैलाची लावली. कुंकू लावलं, पुरणपोळीचा घास दिला. जीभ बाहेरच होती बिचाऱ्याची."



मंगेश वेळेवर आला. औषधांचा ठोक व्यापारी, वय बेचाळीस. गाडीतून उतरतानाच त्यानं पांढरे हातमोजे चढवले. कमलेशनं त्याला खरं काय ते सांगून टाकलं. मंगेशनं खोका उचलला, कापलेली कड पाहिली, आतली एक वात काढली आणि परत ठेवली.

"संपलं जी," तो म्हणाला. "उघडलं की खेळणं मेलं."

"आता आलेच हा तं मेलेलं तरी पाहून घ्या."

दोघं चौकाकडं निघाले. सौदा तर गेलाच होता. कमलेशचा जीव आता दुसऱ्याच गोष्टीसाठी खालीवर होत होता. पुण्यात बाराच पोरं होती. इथं सणाच्या दिवशी अख्ख्या गावाची पोरं रडली, तर उद्यापासून आसगावात तोंड कुठं दाखवायचं?

मारुतीच्या देवळासमोर आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं. पोरं लाकडी बैल घेऊन, घरोघरी मिळालेले बोजाऱ्याचे पैसे खिशात घालून जमली होती. त्यांच्यामधून भस्मशिंग येत होता. शिंगांना बेगड, पाठीवर जुन्या लुगड्याची झूल, तोंडात कुणीतरी कोंबलेलं गवत. दोरी एका शेंबड्या पोराच्या हातात होती. सहा वर्षांची दामिनी बाजूनं चालत होती आणि "हळू घे, पडंल तो!" म्हणून त्याला दटावत होती.

कमलेश रडण्याची वाट पाहत उभा राहिला. कोणी रडलं नाही. एवढुशा एका पोरीनं राक्षसाच्या तोंडात बोट घातलं, दात चाचपले, आणि पुन्हा घातलं. कमलेशला आठ वर्षांत पहिल्यांदा बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की त्याचे डोळे भरून आले. डोळ्यांत धूळ गेली, असं तो मंगेशला म्हणाला.

मंगेशचं लक्ष नव्हतं. तो भस्मशिंगाकडंच पाहत होता. मग त्यानं हातमोजे काढले, खिशात कोंबले आणि दामिनीपुढं उकिडवा बसला.

"बेटा, मले याची दोरी धरून एक चक्कर मारू देशील?"

दामिनीनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"लाईन लागली हाये, काका. तुमचा नंबर अठरावा."